भिंत सपाट करा, पण आधी तिचे दुखणे ओळखा

घर रंगवायचे ठरले की आपल्या घरात पहिली चर्चा होते ती रंगाची. मोठ्या मुलीला फिकट निळा हवा असतो, धाकट्याला पिवळा, आणि आईचे म्हणणे असते की मळखाऊ रंग घ्या. या चर्चेत भिंतीला मात्र कोणी विचारत नाही. रंग लागतो, चार दिवस घर उजळते, आणि मग एका संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की भिंतीवरचे सगळे उंचवटे आणि खळगे सावल्या पाडून उभे राहतात. मग आपण म्हणतो, रंगाऱ्याने काम बिघडवले. खरे तर रंग हा कागदापेक्षाही पातळ थर असतो. तो भिंतीचा मळ झाकतो, वाकडेपणा झाकत नाही. उलट चकचकीत रंग लावला तर वाकडेपणा अधिकच दिसतो.

१४ एप्रिलला किंवा बुद्ध पौर्णिमेला घराला रंग द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. वर्षभर बाजूला टाकलेले थोडे पैसे त्यासाठी बाहेर निघतात. कष्टाचे हे पैसे एका पावसाळ्यात पोपडे होऊन खाली गळू नयेत, म्हणून हा लेख. भिंत सपाट करण्याचे काम नवशिक्या माणसालाही जमते. त्याला ताकदीपेक्षा धीर आणि क्रम जास्त लागतो. क्रम चुकला तर महाग मालही वाया जातो, आणि क्रम पाळला तर साध्या मालातही भिंत आरशासारखी नाही, तरी डोळ्याला सुखावणारी निश्चित होते.

भिंत वाकडी का होते?

वीटकामावर जो सिमेंट-वाळूचा लेप देतात त्याला आपण प्लास्टर म्हणतो. जुनी माणसे गिलावा म्हणतात. आतल्या भिंतीवर हा थर साधारण १२ मिलिमीटरचा, आणि विटांची खडबडीत बाजू असेल तिथे १५ मिलिमीटरचा असतो. चांगला गवंडी आधी ओळंबा धरून भिंतीवर जागोजाग मालाचे छोटे ठिपके देतो, ते एका रेषेत आणतो आणि मग त्यांच्या आधाराने सबंध भिंत भरतो. घाईच्या कामात हे ठिपके गाळले जातात आणि डोळ्याच्या अंदाजाने माल फासला जातो. भिंतीला पोट येते ते तिथेच.

पूर्वी आपल्या महाराष्ट्रात प्लास्टरवर नीरूचा हात देत. नीरू म्हणजे भिजवून गाळलेल्या चुन्याचा मऊ लेप. त्याने भिंत गुळगुळीत होत असे. अनेक जुन्या चाळींतून आणि वसाहतींतून आजही रंगाच्या थरांखाली नीरू सापडतो. त्यावर वर्षानुवर्षे चुना, मग डिस्टेंपर, मग ऑइलपेंट चढत गेला. मध्ये कधी विजेच्या वायरसाठी झिरी मारली, कधी नळाची जागा बदलली, कधी फळीसाठी खिळे ठोकले आणि काढले. प्रत्येक वेळी कोणीतरी मूठभर सिमेंट थापून गेले. अशी भिंत सपाट राहील कशी?

पहिली तपासणी : ओल आहे का?

भिंतीला हात लावण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. तिन्ही फुकटात होतात.

पहिली ओलीची. भिंतीवर पांढरी खारट पूड येते का ते पाहा. यालाच लोणा लागणे म्हणतात. विटेतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ते साचत गेले की वरचा थर ढकलून पाडतात. ओलीवर पुट्टी लावली तर ती पुट्टीसुद्धा अशीच ढकलली जाणार. यात पुट्टीच्या कंपनीचा दोष नसतो.

शंका असेल तर फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीच्या आत आहे. खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर तो स्वयंपाकाच्या वाफेचा किंवा कोंदट हवेचा आहे. त्यावर खिडकी उघडी ठेवणे हा उपाय.

आतली ओल असेल तर ती कुठून येते ते शोधा. वरच्या घराची मोरी, भिंतीतला नळ, गच्चीतली भेग, बाहेरच्या भिंतीला लागून साचलेले गटार, किंवा जमिनीतून वर चढणारे पाणी, यांपैकी एक कारण बहुधा सापडते. ते आधी बंद करा. मग खराब झालेले प्लास्टर ओलीच्या खुणेच्या वर साधारण एक फुटापर्यंत काढून टाका आणि विटा उघड्या ठेवून सुकू द्या. पाऊस संपल्या संपल्या, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी रंग काढणाऱ्यांनी ही तपासणी अवश्य करावी, कारण चार महिने पाणी प्यायलेली भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून ओलीच असते.

दुसरी तपासणी : प्लास्टर धरून आहे का?

हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंतीवर हळूहळू टकटक करत जा. भरीव आवाज आला तर प्लास्टर विटेला धरून आहे. डबडब असा पोकळ आवाज आला तर ते विटेपासून सुटले आहे. त्या जागेभोवती खडूने गोल काढा. ही सुटलेली जागा काढावीच लागते. तिच्यावर कितीही सफाई केली तरी एक दिवस सगळे मिळून खाली येणार.

तिसरी तपासणी : उंच कुठे, खोल कुठे?

पाच-सहा फुटांची सरळ ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. गवंड्याची पाटी मागून आणली तरी चालेल, फक्त ती स्वतः सरळ असावी. ती भिंतीवर उभी, आडवी आणि तिरपी धरून पाहा. जिथे पट्टी टेकून दोन्ही बाजूंना डुलते तिथे उंचवटा आहे. जिथे पट्टीखाली फट दिसते तिथे खळगा आहे. उंचवट्यावर फुली मारा, खळग्याला गोल करा.

रात्री खोलीतला दिवा बंद करून बॅटरीचा झोत भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा सोडा. दिवसा न दिसणारी प्रत्येक लाट या झोतात दिसते. मुलांना हे काम द्या. त्यांना गंमत वाटते आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

आता खळगा किती खोल, हे मोजायचे. त्यासाठी खिशातली नाणी पुरतात. एक रुपयाचे नाणे साधारण दीड मिलिमीटर जाड असते. पट्टीखालच्या फटीत एक नाणे जेमतेम जात असेल तर काम पुट्टीचे आहे. दोन, तीन किंवा जास्त नाणी एकावर एक जात असतील तर ते काम पुट्टीचे नाही, सिमेंट-वाळूच्या मालाचे आहे. सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी. आधी जाडी मोजावी, मग माल ठरवावा.

या भेगा झाकू नका

काही गोष्टी सपाट करायच्या नसतात. केसासारख्या बारीक, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा बहुधा प्लास्टर सुकताना पडलेल्या असतात. त्या पुट्टीखाली जाऊ शकतात. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, रुंद होत जाणारी भेग. खांबाला किंवा तुळईला उभी भेग. स्लॅबचे काँक्रीट सुटून गंजलेल्या सळ्या दिसणे. ही इमारतीची दुखणी आहेत. त्यांच्यावर पुट्टी फासणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला पावडर लावणे होय.

भेग वाढते की नाही हे पाहायचे असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याने भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर काम थांबवा आणि इंजिनिअरला दाखवा. भाड्याचे घर असेल तर मालकाला, सोसायटी असेल तर कमिटीला, मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतीत असाल तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेले कोणी लक्षात ठेवत नाही. अर्जाची दुसरी प्रत करा, तिच्यावर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, सोबत भेगेचा फोटो जोडा. रंग लावून भेग झाकली की आपणच आपला पुरावा पुसतो, हेही ध्यानात असू द्या.

हिशेब पाहा, डोळे उघडतील

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ही पातळ लेपासाठी केलेली वस्तू आहे. दोन हात मिळून तिची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास राहावी. पण आपल्याकडे होते काय? भिंतीला बोटभर खळगा असतो आणि तो पुट्टीनेच भरला जातो. जाड पुट्टी सुकताना आकसते, तडकते आणि पोपड्याने सुटते.

आता पैशाच्या बाजूने पाहू. १० फूट लांब आणि १० फूट उंच भिंत म्हणजे १०० चौरस फूट. तिच्यावर फक्त १ मिलिमीटरचा थर द्यायला सुमारे सव्वानऊ लिटर माल लागतो. ५ मिलिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे ४६ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या तीन बादल्या काठोकाठ भरून पुट्टी, आणि तीही एका भिंतीला! भिंतीच्या मध्यभागी एक उंचवटा ५ मिलिमीटर वर आला असेल आणि तो न काढता भोवतालची भिंत त्याच्या पातळीला आणायची ठरवली तर जवळजवळ एवढा माल लागेल. तोच उंचवटा छिन्नीने उतरवायला अर्धा तास लागतो आणि पैसे काहीच लागत नाहीत. म्हणून नियम असा की उंच असेल ते आधी उतरवा, खोल असेल ते मग भरा.

सरळ भिंतीवर दोन हातांसाठी किती माल लागेल? १० फूट बाय १२ फुटांची खोली, उंची ९ फूट. चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, गुणिले ९, म्हणजे ३९६ चौरस फूट. एक दार २१ चौरस फूट आणि एक खिडकी १६ चौरस फूट वजा केली की ३५९ राहतात. एक किलो पुट्टीत दोन हातांचे साधारण १२ चौरस फूट होतात असे धरले तर ३० किलो लागेल. सांडलवंड आणि नवखा हात धरून ४० किलोचे एक पोते पुरे. पोत्यावर कंपनीने यापेक्षा जास्त क्षेत्र लिहिलेले असते. ते गुळगुळीत भिंतीचे आणि सराईत हाताचे असते. आपल्या वहीत कमीच धरावे.

लागणारे साहित्य

हातोडी, छिन्नी, एक घमेले, एक थापी, लाकडी रंधा, पुट्टीच्या दोन पत्ती (एक ४ इंची, दुसरी १० किंवा १२ इंची), सरळ पट्टी, चाळणी, बादली, जुना रुंद ब्रश, पॉलिश पेपर, मास्क, चष्मा, हातमोजे. हे सगळे विकत घ्यायची गरज नाही. आपल्या वस्तीत गवंडी आणि रंगारी भाऊ पुष्कळ आहेत. दिवसभर दुसऱ्यांचे बंगले सरळ करणाऱ्या या भावांच्या स्वतःच्या घराची भिंत वाकडीच असते, हे चित्र आपण रोज पाहतो. त्यांच्याकडून अवजार मागा, आणि रविवारी तासभर त्यांच्या हाताची लकबही शिकून घ्या. शिकवणाऱ्याला मान द्या, चहा द्या, आणि त्याच्या घरच्या कामाला आपणही जा.

काम सुरू करताना

पहिली भिंत निवडताना कपाटामागची किंवा दारामागची निवडा. समोरच्या भिंतीवर हात बसवू नका. सामान मधे ओढून जुन्या चादरीने झाका. विजेच्या बोर्डाजवळ काम असेल तर मेन स्विच बंद करा. बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली छिन्नी चालवताना विशेष जपा, कारण वायर बहुधा त्याच रेषेत गेलेली असते.

सुटा रंग, पोपडे, जुनी सुटलेली पुट्टी पत्तीने खरवडून काढा. ऑइलपेंटच्या गुळगुळीत भिंतीवर काहीच धरत नाही. तिला पाणी लावून पॉलिश पेपरने खरखरीत करा. भिंतीवर तेलकट डाग असतील तर साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवा. मग फुलीच्या खुणा असलेले उंचवटे छिन्नीने थोडे थोडे उतरवा आणि प्रत्येक वेळी पट्टी लावून पाहा. एकदम खोल जाऊ नका.

खोल खळगे भरताना

पोकळ आवाजाची जागा काढून टाकली, खोल खळगे कोरून स्वच्छ केले, की कडा सरळ उभ्या करा. बशीसारख्या उतरत्या कडांवर माल पातळ होतो आणि तिथूनच सुटतो. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर छिन्नीने टोचे मारा. धूळ ब्रशने झाडा आणि जागा पाण्याने भिजवा. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते, सिमेंटला पक्के व्हायला पाणी उरत नाही आणि माल भुसभुशीत होतो. पाणी मात्र वाहते नको, फक्त ओलावा हवा.

एक भाग सिमेंट आणि चार भाग बारीक चाळलेली वाळू कोरडीच नीट मिसळा, मग थोडे थोडे पाणी घाला. मुठीत दाबल्यावर गोळा राहील इतपत घट्ट माल हवा. आधी सिमेंटच्या पातळ पाण्याचा एक हात ब्रशने मारा आणि तो ओला असतानाच थापीने माल जोराने दाबून भरा. १२ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल असेल तर एका वेळी भरू नका. पहिला थर अर्धा भरा, त्यावर खिळ्याने रेघा ओढा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा थर द्या. शेवटी सरळ पट्टी भोवतालच्या चांगल्या भिंतीवर टेकवून, करवतीसारखी डावी-उजवीकडे हलवत खालून वर ओढा. जास्तीचा माल निघून येतो. मग रंध्याने गोल गोल फिरवून बसवा.

मालात मोठ्या प्रमाणात सिमेंट टाकले की काम पक्के होते, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो आणि भेगाळतो.

दुसऱ्या दिवसापासून सात दिवस ही जागा दिवसातून तीन-चार वेळा भिजवा. पाण्याची टंचाई असेल तर ओले पोते टेकवून ठेवा, थोड्या पाण्यात काम होते. सात दिवसांनंतर मात्र पाणी बंद करून दोन-तीन आठवडे सुकू द्या. इथे घाई केली तर पुढचा सगळा खर्च धोक्यात येतो.

पुट्टीचा हात

पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीसाठी साधारणपणे भिंतीवर प्राइमर लागत नाही, भिंत हलकी ओली करावी लागते. ॲक्रिलिक पुट्टी मात्र प्राइमरवर लावतात. पोत्यावर लिहिलेले वाचा. घरात शिकलेले मूल असेल तर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. पोत्यावरची तयार केल्याची तारीखही पाहा. पावसाळाभर दुकानात पडून दमट झालेला, गाठी झालेला माल घेऊ नका.

नवशिक्याने एका वेळी एकच किलो भिजवावे. एका किलोला ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी. आधी पाणी, मग त्यात पुट्टी घालत ढवळा. गाठी जाईपर्यंत दहा मिनिटे हलवा, थोडा वेळ थांबा, पुन्हा ढवळा. हा माल दोन-तीन तासांत संपवावा. घट्ट होऊ लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालू नका. तिची पकड गेलेली असते.

पहिला हात खालून वर. पत्ती भिंतीशी थोडी तिरपी धरा आणि दाब एकसारखा ठेवा. खळगा भरायचा असेल तर पत्ती खळग्याच्या रुंदीपेक्षा मोठी हवी, म्हणजे ती दोन्ही बाजूंच्या चांगल्या भिंतीवर टेकते. लहान पत्ती खळग्यात बुडते आणि खळग्याचाच आकार गिरवते. नव्या माणसाच्या भिंतीवर लाटा येतात त्याचे मुख्य कारण हेच. एकच जागा पुन्हा पुन्हा घोटू नका. पत्तीच्या रेघा राहिल्या तर राहू द्या, त्या घासताना जातात.

पहिला हात सुकला, म्हणजे निदान तीन-चार तास गेले, की वर आलेल्या रेघा पत्तीने उतरवा आणि दुसरा हात आडवा द्या. दुसरा हात पहिल्यापेक्षा पातळ. पुन्हा रात्री बॅटरीचा तिरपा झोत सोडा आणि राहिलेल्या जागा तेवढ्याच भरा.

दुसऱ्या दिवशी घासायचे. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि हलक्या हाताने गोल फिरवा. नुसत्या बोटांखाली कागद धरला तर बोटांचेच चर पडतात. शेवटी २२० नंबरचा कागद. मग ओल्या फडक्याने धूळ पुसा, भिंत पूर्ण सुकू द्या, आणि प्राइमर व रंग यांच्याकडे वळा.

पीओपीबद्दल एक शब्द. ते लवकर गुळगुळीत होते, पण काही मिनिटांतच आवळते, त्यामुळे नवख्या हाताला झेपत नाही. शिवाय ओल त्याला अजिबात सोसत नाही. मोरीजवळ, बाहेरच्या भिंतीला किंवा जमिनीलगत ते वापरू नका. आणि पीओपीच्या भिंतीवर सिमेंटची पुट्टी चढवू नका. दोघांचे जमत नाही.

जिवाची काळजी

घासताना उडणारी पांढरी धूळ निरुपद्रवी नाही. सिमेंट आणि वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते. नाकाला रुमाल बांधणे अपुरे आहे. एन-९५ मास्क वापरा. खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुले, गरोदर बहीण आणि दम्याचे रुग्ण यांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

जुन्या ऑइलपेंटची काळजी याहून मोठी. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. असा जुना रंग कोरडा घासू नका आणि जाळून काढू नका. पाणी मारून ओलाच खरवडा, पोपडे कागदावर गोळा करून बांधून टाका, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.

सिमेंट आणि पुट्टी त्वचेला खातात. डोळ्यात उडाले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने निदान १५-२० मिनिटे धुवा आणि दवाखान्यात जा. उरलेली पुट्टी आणि घमेल्याचे धुवण मोरीत ओतू नका. ते पाइपात जाऊन दगड होते आणि सगळ्या चाळीची मोरी तुंबते.

गावाकडची मातीची भिंत

गावी ज्यांची घरे कच्च्या विटांची किंवा मातीची आहेत त्यांनी पुट्टीच्या नादी लागू नये. मातीची भिंत पाणी शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा थर दिला तर पाणी आत कोंडते, माती मऊ होते आणि थर सोलून निघतो. तिथे चाळलेली माती, भुसा आणि थोडी वाळू भिजवून केलेला लेपच योग्य. आपल्या आई-आजींच्या हाताने भिंती सारवल्या जात, त्या हातात ही विद्या होतीच.

काम दुसऱ्याला द्यायचे असेल तर

सगळ्यांनाच वेळ मिळतो असे नाही. काम मजुरीवर द्यायचे असेल तरी वरची माहिती उपयोगी पडते. भिंत स्वतः मोजा. दार-खिडकी वजा होते की नाही हे आधी ठरवा. किती हात, कोणता माल, पोते कोणी आणायचे, खोल खळगे सिमेंटने भरायचे की पुट्टीने, हे कागदावर लिहा आणि दोघांनी सही करा. पोते आपल्यासमोर फोडायला सांगा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. पण काम पुरे झाल्यावर, बॅटरीच्या झोतात भिंत पाहून झाल्यावर, कष्टकऱ्याची मजुरी एक दिवसही अडवू नका. आपणही मजुरीवरच जगणारी माणसे आहोत.

वेळापत्रक

सिमेंटचे भराव असतील तर तपासणीपासून रंगापर्यंत सहा आठवडे धरा. म्हणजे १४ एप्रिलपूर्वी घर सजवायचे असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी हातोडीची टकटक सुरू व्हायला हवी. फक्त पुट्टीचे काम असेल तर मार्चचे दोन-तीन रविवार पुरतात. पहिल्या रविवारी तपासणी आणि खरवडणे, दुसऱ्या रविवारी पुट्टीचा पहिला आणि दुसरा हात, सोमवारी रात्री थोडे घासणे, तिसऱ्या रविवारी प्राइमर. घरातल्या सगळ्यांना काम वाटून द्या. मुलगा पुट्टी कालवील, मुलगी पट्टी धरून खुणा करील, आई झोत धरून चुका दाखवील. मुलीच्या हातात पत्ती आणि मुलाच्या हातात पोछा दिल्याने काही बिघडत नाही. दोघेही आयुष्यभर उपयोगी पडणारे काहीतरी शिकतात.

आणि एक वही ठेवा. किती माल आणला, किती लागला, कोणत्या भिंतीला कधी हात लावला, ओल कुठे होती, हे सगळे तारखेनिशी लिहा. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच वही उघडून भिंतीवर पुन्हा टकटक करून पाहा. आवाज भरीव आला, तर पुढच्या वर्षी घरात फक्त रंगाचीच चर्चा करायची!